लघवीवर इन्फ्रारेड टाकून मूत्राशयाचा कॅन्सर कळतो म्हणे. मग दुर्बीण टळेल का?

सड्यावरचा:
नमस्कार मंडळी. आमच्या बापूकाकांना (वय 68, मुक्काम देवगड) गेल्या वर्षी मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. लघवीतून रक्त गेलं, पण दुखलंखुपलं काही नाही, म्हणून घरात कोणी मनावरच घेतलं नव्हतं. पुढे तपासण्या झाल्या, दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, मग आठवड्याला एकदा असं सहा आठवडे बीसीजी नावाचं औषध मूत्राशयात सोडलं. गाठ स्नायूत शिरलेली नव्हती, त्यामुळे तसं चिंतेचं कारण नाही म्हणतात. पण आता दर तीन महिन्यांनी आत दुर्बीण घालून बघायचं, आणि इथे घोडं अडलंय.

हा माणूस अजून कलमांवर चढून आंबे उतरवतो. पण तारीख जवळ आली की जेवणावरची वासना उडते. म्हणतो, "कॅन्सराक मी घाबरनय नाय, त्या नळयेक घाबरतंय."

परवा व्हॉट्सॲपवर एक बातमी फिरत आली. लघवीचा एक थेंब घ्यायचा, त्यावर इन्फ्रारेड किरण टाकायचे, मिनिटाभरात कॅन्सर आहे की नाही ते कळतं. मी इंजिनिअर आहे, पण सिव्हिलचा. सिमेंटचं विचारा, सांगतो. यात तथ्य किती? आणि असलं काही आपल्याकडे, निदान मुंबईपर्यंत तरी, करून मिळतं का?

तिरफळ:
शीर्षक वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला. काकांना लवकर बरं वाटो. बाकी जाणकार येईपर्यंत मी इथेच बसतो.

बांगडो_तळलेलो:
सड्यावरच्या दादा, तुमच्या काकांका सांगा, माझ्या मामाक पण ह्याच होता. पाच वर्सां झाली, अजून होडयेर जाता. दुर्बिणीक तो पण शिव्या घालता, पण जाता. माका त्या किरणांतला काय कळना नाय.

लोटे_लॅब:
रोजचं काम आहे म्हणून लिहितो. लोट्याला एका कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या विभागात आहे. एफटीआयआर हे इन्फ्रारेडवर चालणारं, आमच्याकडे बाहेरून आलेला माल ओळखायचं मशीन. ड्रमवर लेबल काहीही असो, आतला नमुना काढायचा, मशीनवर ठेवायचा, दोन मिनिटांत आलेख. तो संदर्भाच्या आलेखाशी जुळला तर माल आत, नाहीतर ड्रम गेटवरच.

तत्त्व असं, की रेणूतले अणू एका जागी गप्प नसतात, सतत थरथरत असतात. प्रत्येक बंधाची थरथर ठरलेली. तिच्याशी जुळणारा किरण आला की तो बंध तेवढाच किरण शोषून घेतो, बाकीचे सोडून देतो. कुठला किरण किती शोषला गेला त्याचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. आडव्या अक्षावर 4000 पासून 400 प्रति सेंटिमीटरपर्यंतचे आकडे, म्हणजे एका सेंटिमीटरात त्या किरणाच्या किती लाटा बसतात ते. प्रथिनं 1650 आणि 1550 च्या आसपास दिसतात, चरबी 2800 ते 3000 मध्ये, डीएनए-आरएनएमधले फॉस्फेट 1240 आणि 1080 जवळ. जिवंत पेशींतलं बहुतेक नाट्य 1800 ते 900 या पट्ट्यात घडतं.

आता लघवी. तिच्यात साधारण 95 टक्के पाणी, आणि पाणी ही इन्फ्रारेडवाल्यांची जुनी डोकेदुखी. 1640 ला ते स्वतःच इतकं शोषतं की प्रथिनांची खूण त्याच्याखाली गडप होते. म्हणून थेंब सुकवतात. हल्लीच्या मशीनवर हिऱ्याचा छोटा स्फटिक असतो. किरण स्फटिकाच्या आतूनच परत फिरतो आणि फिरताना पृष्ठभागाबाहेर मायक्रॉन-दोन मायक्रॉन एवढाच डोकावतो. त्यामुळे एक-दोन मायक्रोलिटरचा सुकलेला डागही पुरतो. "एक थेंब, एक मिनिट" हे बातमीतलं वाक्य म्हणून खोटं नाही. फक्त त्या मिनिटाच्या आधी आणि नंतर काय काय करावं लागतं ते बातमीत नाही.

अवांतर: कोकणातला पावसाळा या मशीनला अजिबात मानवत नाही. आत पोटॅशियम ब्रोमाइडचा भाग असतो, तो दमट हवेत धुरकटतो. जून लागला की सिलिका जेलच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी होतात, त्या ओव्हनमध्ये तापवून परत निळ्या करायच्या, हा आमचा चातुर्मास. पूर्वी नमुना ब्रोमाइडमध्ये घोटून पेलेट, म्हणजे पातळ चकती दाबायचो. साच्यातून काढून होल्डरमध्ये बसवेपर्यंत पेलेट ढगाळ, आणि आलेखात 3400 ला पाणी हजर. ऑडिटर दर वेळी तेच विचारायचा.

तिरफळ:
म्हणजे हिऱ्यावर लघवी ठेवायची. लग्नाला वीस वर्षं झाली, हिऱ्याची अंगठी घेतली नाही म्हणून अजून ऐकतोय. हा धागा हिला दाखवू की नको?

लोटे_लॅब:
दाखवा. कृत्रिम हिराही चालतो, तेही सांगा.

पंचनामा:
कोणी वाईट वाटून घेऊ नका, पण अशा बातम्या दर सहा महिन्यांनी येतात. श्वासावरून कॅन्सर, थुंकीवरून कॅन्सर, नखावरून कॅन्सर. प्रयोगशाळेत 95 टक्के अचूक, आणि मग कुठे जातात कोणास ठाऊक. शेवटी पेशंट दुर्बिणीखालीच. काकांना खोटी आशा लावू नये असं माझं स्पष्ट मत.

आंबोळी_चटणी:
@पंचनामा, तुमचं म्हणणं पटलं तरी एक गंमत सांगते. 2004 साली इंग्लंडमध्ये सहा कुत्र्यांना लघवीच्या वासावरून मूत्राशयाचा कॅन्सर ओळखायला शिकवलं होतं. समोर सात नमुने, त्यातला एक रुग्णाचा. नुसत्या अंदाजाने सातात एकदा बरोबर यायला हवं होतं, म्हणजे 14 टक्के. कुत्र्यांनी 54 पैकी 22 वेळा बरोबर ओळखला, म्हणजे 41 टक्के. त्याहून भारी म्हणजे शिकवताना "निरोगी" म्हणून ठेवलेल्या एका नमुन्यावर सगळी कुत्री अडून बसायची. शेवटी त्या माणसाची नीट तपासणी केली तर मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला. म्हणजे लघवीत काहीतरी खबर असते एवढं नक्की, ती वाचायची कशी हाच प्रश्न.

तिरफळ:
आमचा मोत्या विजेच्या प्रत्येक खांबाची तपासणी करतो. रिपोर्ट मात्र देत नाही.

डॉ_मुचकुंदी:
मी पॅथॉलॉजिस्ट, रत्नागिरीत. जरा सविस्तर लिहिते.

लघवीत पेशी शोधणं जुनंच आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या पॅप टेस्टवाले पापानिकोलाऊ यांनी 1945 मध्येच लघवीतल्या पेशींवरून मूत्रमार्गाचे कॅन्सर ओळखण्यावर लिहिलं. आजही आम्ही तेच करतो. नमुना यंत्रात गरगर फिरवायचा, तळाचा गाळ काचेवर घ्यायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. आक्रमक गाठीच्या पेशी बेढब असतात, त्या सापडतात. सौम्य गाठीच्या पेशी दिसायला जवळजवळ नेहमीसारख्या, त्या बहुतेक वेळा निसटतात. पुढे एनएमपी22 सारख्या प्रथिनांच्या चाचण्या आल्या. त्यांना जंतुसंसर्ग किंवा मुतखडा असला तरी फसायला होतं. म्हणून दुर्बीण अजून आपल्या जागी आहे. मॅक्स नित्से यांनी ती 1870 च्या दशकात आणली, आणि तिला अजून बदली कामगार मिळालेला नाही.

इन्फ्रारेडचं वेगळेपण हे, की ते एकाच प्रथिनाच्या मागे लागत नाही. प्रथिनं, चरबी, साखरेचे रेणू, डीएनए, सगळ्यांचं एकत्र चित्र एका फटक्यात घेतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, त्यांचं आवरण बदलतं, साठवलेल्या साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, हिशोब बदलतो, आणि त्या गळून लघवीत येतात. हे सगळं आलेखात थोडं थोडं उमटतं. एकेक शिखर बघून डोळ्यांना काही कळत नाही, संगणकाला शेकडो आलेख दाखवून फरक शोधायला लावतात.

आता अडचण. लघवीत सगळ्यात जास्त विरघळलेला पदार्थ म्हणजे युरिया. मोठा माणूस दिवसाला 20 ते 30 ग्रॅम बाहेर टाकतो, आणि त्याची शिखरं बरोबर प्रथिनांच्याच भागात, 1600-1680 ला, ठाण मांडून बसतात. दशावतारात मृदंग टिपेला पोचलेला असताना मागच्या रांगेतला म्हातारा खोकला तर तो कोण, हे आवाजावरून सांगण्यातला प्रकार. उपाय आहेत. गाळ वेगळा करून धुवायचा, किंवा बारीक पडद्यातून गाळून युरियासारखे लहान रेणू काढून टाकायचे. युरियाचा रेणुभार 60, अल्ब्युमिन या प्रथिनाचा 66 हजारांच्या आसपास, त्यामुळे गाळणं अवघड नाही. पण मग "एक थेंब, एक मिनिट" राहिलं नाही.

आणि खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या लघवीत बहुधा रक्त असतं. रक्त म्हणजे हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिनं. तुलनेला निरोगी माणसं म्हणून कोण घेतात? प्रयोगशाळेतले कर्मचारी, विद्यार्थी, नातेवाईक. त्यांच्यात रक्त नाही. मग 1650 चं शिखर वाढलेलं दिसतं, संगणक खूश, आणि अचूकता 95 टक्के. त्याने कॅन्सर ओळखला की रक्त? रक्त तर काही रुपयांच्या पट्टीवरही कळतं. तुलना करायची तर मुतखडा, प्रोस्टेट, जंतुसंसर्ग यामुळे रक्त जाणाऱ्या लोकांशी करायला हवी. @पंचनामा, "मग कुठे जातात" याचं निम्मं उत्तर हे.

पंचनामा:
डॉक्टरीणबाई, दंडवत. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलात.

आकडेमोड:
उरलेलं निम्मं मी देतो. माझं काम विदा (डेटा) हाताळायचं, वैद्यकीय नव्हे, पण खड्डे तेच असतात.

एका रुग्णाच्या नमुन्याचे पाच-दहा आलेख घेतात. मग सगळे आलेख एकत्र कालवून काही शिकवायला, काही परीक्षेला असे वाटतात. एकाच माणसाचे तीन आलेख शिकवण्यात आणि दोन परीक्षेत गेले तर संगणकाचं मॉडेल आजार ओळखत नाही, तो माणूस ओळखतं. आलेख वाटायचे नसतात, माणसं वाटायची असतात. अशा पेपरात मी पहिल्यांदा हेच शोधतो. दुसरं, एका आलेखात हजारभर बिंदू आणि माणसं चाळीस-पन्नास. एवढ्या खुंट्या असल्या की कशालाही काहीही टांगता येतं.

आणि चाचणी खरोखर चांगली निघाली तरी हिशोब बघा. समजा, रक्त जातं म्हणून 1000 लोक आले आणि त्यातल्या 50 जणांना कॅन्सर आहे. चाचणी 90 टक्के रुग्ण पकडते आणि 80 टक्के निरोग्यांना बरोबर सोडते असं धरू. रुग्ण पकडले 45, सुटले 5. उरलेल्या 950 मधून 190 जणांना उगाच "शंका आहे" म्हणून सांगितलं. म्हणजे 235 जणांना दुर्बीण, 765 जणांची टळली, आणि त्या 765 मध्ये 5 जण कॅन्सर घेऊन घरी गेले. आता हे चांगलं की वाईट? हजारच्या हजारांना दुर्बीण घालायला माणसं नसतील तर फार चांगलं. त्या पाचांपैकी एक आपला काका असेल तर अजिबात नाही.

सड्यावरचा:
@आकडेमोड, शेवटचं वाक्य काळजात घुसलं. पण काकांच्या बाबतीत कॅन्सर होता हे आधीच माहीत आहे. परत येतोय का एवढंच बघायचंय. त्यात याचा उपयोग जास्त नाही का होणार?

आकडेमोड:
हा प्रश्न चांगला आहे. तत्त्वतः हो. तिथे त्या माणसाचा स्वतःचाच जुना आलेख हाताशी असतो, आज तो बदलला का एवढंच बघायचं. एका माणसापासून दुसऱ्या माणसात खाण्यापिण्याने, वयाने, औषधांनी जो फरक पडतो तो बराचसा वजा होतो. डॉक्टर काय म्हणतात?

डॉ_मुचकुंदी:
दिशा बरोबर आहे. हा आजार परत परत डोकावणारा म्हणूनच ओळखला जातो, वरच्या थरातल्या गाठी काढल्यावरही पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा येऊ शकतात. त्यामुळे पाठपुराव्याची चाचणी सोपी झाली तर फायदा मोठा. पण बीसीजीनंतर मूत्राशय आतून बराच काळ लालसर, सुजलेला राहतो. पांढऱ्या पेशी येतात, प्रथिनं वाढतात, आणि स्वतःचा जुना आलेखही मग तुलनेला तितका उपयोगी राहत नाही. हे निस्तरून दाखवणारं काम झालं पाहिजे, तेही मोठ्या संख्येवर आणि वेगवेगळ्या रुग्णालयांत.

बांगडो_तळलेलो:
बीसीजी म्हणजे ल्हानपणी दंडार देतत ताच काय?

डॉ_मुचकुंदी:
तेच, क्षयाच्या लशीतलेच जंतू, मात्रा मोठी. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये ते मूत्राशयात सोडून बघितलं. तिथली प्रतिकारशक्ती खवळते आणि उरलेल्या कॅन्सरच्या पेशींवरही तुटून पडते. जवळपास पन्नास वर्षं झाली, अजून वापरात आहे.

शृंगारतळीकर:
थोडं विषयांतर, पण कोकणाशी थेट संबंध आहे म्हणून लिहितो. आमच्या गुहागर तालुक्यातलं गिमवी गाव किती जणांना माहीत आहे? 1952 मध्ये गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी तिथे लघवीतून रक्त जाणाऱ्या लोकांचा शोध घेतला आणि शिस्टोसोमा हा परजीवी सापडला. हा आजार मुळात आफ्रिकेतला, इजिप्तमध्ये फार. गोड्या पाण्यातल्या इवल्याशा गोगलगायीत हा किडा वाढतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुततात, वर्षानुवर्षं तिथे सूज राहते आणि त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. भारतात याचं ठिकाण म्हणून पुस्तकांत नाव येतं ते गिमवीचंच. आमच्याकडची जुनी माणसं लाल लघवीबद्दल बोलायची ते यामुळे. पुढे औषधोपचार होऊन ते आटोक्यात आलं.

डॉ_मुचकुंदी:
@शृंगारतळीकर, एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता. परीक्षक नागपूरचे. "तुम्ही कोकणातल्या ना, मग सांगा!" म्हणाले. एक भर घालते. परजीवीमुळे होणारा कॅन्सर बऱ्याचदा वेगळ्या जातीचा, चपट्या पेशींचा असतो. आपल्याकडे आज जे दिसतात ते बहुतेक मूत्राशयाच्या नेहमीच्या अस्तरातले, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण विडी-सिगारेट. जवळपास निम्म्या रुग्णांच्या मुळाशी ती असते. धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात, तिथून लघवीत, आणि लघवी मूत्राशयात तासन्‌तास मुक्कामाला. पुरुषांमध्ये हा आजार बायकांच्या तिप्पट-चौपट दिसतो.

खाडीकाठ:
लोटे, महाड इथल्या रासायनिक कारखान्यांचं काय? तिथे कामाला असलेल्यांनी काळजी करायची का? प्रश्न सरळ विचारतोय, कोणावर रोख नाही. माझा भाऊ आहे तिकडे.

लोटे_लॅब:
@खाडीकाठ, रसायन म्हटलं म्हणून मूत्राशयाचा कॅन्सर होत नाही. ठरावीक कुळातली रसायनं त्याला कारण आहेत. 1895 मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने ॲनिलीनपासून रंग बनवणाऱ्या कामगारांत या गाठी बघितल्या आणि लिहून ठेवलं. पुढे बोट नेमकं गेलं ते 2-नॅफ्थिलअमीन आणि बेंझिडीन यांच्यावर. बेंझिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे नव्वदच्या दशकात बंदी आली. भावाला विचारा, हाताखालून काय जातं. प्रत्येक रसायनाचं सुरक्षा पत्रक असतं, ते बघायचा त्याला हक्क आहे. आणि हातमोजे, मास्क न घालता "काय होतं" म्हणणारे आमच्याकडेही आहेत, तो त्यातला नसावा.

अंगणातलं_वृंदावन:
एवढी चर्चा झाली, पण आपल्या वैद्यांची तैलबिंदू परीक्षा कोणालाच आठवली नाही? लघवीवर तेलाचा थेंब टाकायचा आणि तो कसा, कुठल्या दिशेला पसरतो त्यावरून रोग साध्य की असाध्य ते सांगायचे. आपल्याकडे सगळं होतंच.

पंचनामा:
मग काकांना तेलाचा थेंब टाकून मोकळं करूया का?

अंगणातलं_वृंदावन:
तसं मी म्हटलेलं नाही. टिंगल सोपी असते.

आकडेमोड:
भांडू नका. तेलाचा थेंब पसरण्यात पृष्ठताणाचा संबंध असणार, आणि लघवीत काय विरघळलंय त्यावर तो ठरणार. ज्यांना विश्वास आहे त्यांनी शंभर रुग्ण आणि रक्त जाणारे पण कॅन्सर नसलेले शंभर घ्यावेत, बघणाऱ्याला कोण कोणता ते सांगू नये. हिऱ्याला जो नियम तोच तेलाला.

नवा_वेंगुर्ल्याचा:
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. हा धागा वाचून जरा धसका बसला. शिमग्याच्या सुमारास एक दिवस लघवी लाल झाली होती. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप स्वच्छ. आदल्या रात्री लग्नात सोलकढी भरपूर झाली होती, म्हणून तिच्यावर ढकललं. वय 52, विडी आहे, कमी केली आहे. आता परत काही नाही. सोलकढीने होतं का असं?

तिरफळ:
मी आयुष्यभर बादलीने सोलकढी प्यायलोय, एकदाही झालं नाही. गंमत करत नाहीये.

डॉ_मुचकुंदी:
@नवा_वेंगुर्ल्याचा, बिटाने काहींची लघवी लाल होते, क्षयाच्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते. पण पन्नाशी उलटलेल्या, विडी ओढणाऱ्या माणसाची लघवी न दुखता लाल झाली, तर एकदाच झाली म्हणून आणि थांबली म्हणून सोडायची नसते. या गाठी असंच करतात, एक दिवस रक्त, मग महिनोन्‌महिने काही नाही. लघवीची साधी तपासणी, सोनोग्राफी, आणि युरॉलॉजिस्टला दाखवणं. या आठवड्यात. दरवेळी कॅन्सरच निघतो असं नाही, बहुतेकदा दुसरंच काहीतरी असतं. पण बघितल्याशिवाय ते कळत नाही.

खाडीकाठ:
वेंगुर्ल्यातून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ पडेल. आमच्याकडचे बरेच जण तिथेच जातात. सकाळी लवकर निघा.

नवा_वेंगुर्ल्याचा:
धन्यवाद. आधी कुडाळला सोनोग्राफी करून घेतो.

सह्याद्रीपल्याड:
मूळ प्रश्नातला एक भाग राहिलाच, आपल्याकडे होतं का? माझ्या माहितीत रुग्णाने जाऊन पैसे भरून लघवीची अशी कॅन्सर-चाचणी करून घ्यावी असं कुठेही नाही. संशोधन म्हणून जगभर चालतं. इन्फ्रारेडची चुलत बहीण म्हणजे रामन स्पेक्ट्रोस्कोपी, सी. व्ही. रामन यांचा 1928 चा शोध. तिला पाण्याचा त्रास फारसा होत नाही. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात तोंडाच्या कॅन्सरवर त्या पद्धतीने काम झालेलं आहे. खारघर म्हणजे रायगड जिल्हा, म्हणजे कोकणच की!

तिरफळ:
खारघरला कोकण म्हणणारा माणूस घाटावरचाच असणार. आयडीवरून कळतंच आहे.

सड्यावरचा:
मंडळी, काकांची तारीख होऊन गेली. आत सगळं स्वच्छ आहे, नवीन काही नाही.

इथलं वाचून गेलो होतो म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी विचारल्या. इन्फ्रारेडचं विचारल्यावर ते हसले, म्हणाले "पेपर मीही वाचतो, पण त्यावर विसंबून तुमच्या काकांची दुर्बीण मी बंद करणार नाही." दुसरं, अंतर वाढवता येईल का. त्यावर त्यांनी कागद काढून समजावलं. गाठ एकच, लहान आणि सौम्य असेल तर तीन महिन्यांची पहिली तपासणी स्वच्छ आल्यावर पुढची थेट वर्षाच्या सुमाराला करतात. काकांची गाठ आक्रमक प्रकारातली होती, बीसीजी त्यासाठीच दिलं. म्हणून पहिली दोन वर्षं तीन-तीन महिने, मग सहा-सहा. यात सूट नाही.

पण खरा शोध वेगळाच लागला. आधीच्या ठिकाणी (नाव घेत नाही) सगळ्या तपासण्या कडक, सरळ दुर्बिणीने झाल्या होत्या. इथे लवचीक दुर्बीण होती. बधिर करणारी जेली घातली, दहा मिनिटं थांबले, मग पाच मिनिटांत काम उरकलं. समोरच्या पडद्यावर काकांना त्यांचं मूत्राशय दाखवलं. काका बाहेर आले ते तणतणतच, "ह्यां आदी कित्याक नाय केल्यानी?" मी काय उत्तर देणार.

बांगडो_तळलेलो:
मामाक आजच फोन करतंय. त्येका पण ती लोखंडाचीच घालतत.

डॉ_मुचकुंदी:
@सड्यावरचा, फार छान. लवचीक दुर्बीण सगळीकडे नसते, पण विचारायला काहीच हरकत नाही. लोक विचारत नाहीत. सरळ दुर्बिणीने करावी लागली तर भूल कुठली देणार तेही आधी विचारून ठेवावं.

पंचनामा:
म्हणजे किरण राहिले बाजूला, नळी बदलून काम झालं.

आकडेमोड:
@पंचनामा, किरणांना इतक्यात मोडीत काढू नका. लघवीच्या नमुन्यावर चांगलं काम झालं तर दर चार दुर्बिणींतल्या दोन-तीन टळतील, सगळ्या नाही. माझी पैज त्यावर आहे. आणि ते मशीन जिल्हा रुग्णालयात ठेवता येण्याइतकं लहान आहे, हा मुद्दा मुंबई-पुण्याच्या लोकांपेक्षा आपल्याला जास्त लागू पडतो.

लोटे_लॅब:
ठेवा, पण एसी आणि डीह्युमिडिफायरचं बिल कोण भरणार ते आधी ठरवा. आणि नमुना किती वेळ बाहेर राहिला त्याचीही नोंद हवी. लघवी गरमीत चार-सहा तास राहिली तर जंतू युरिया फोडून अमोनिया करतात, आलेखच बदलतो. आंबोलीच्या थंडीतला नमुना आणि मालवणच्या मे महिन्यातला नमुना एकाच फूटपट्टीने मोजता येणार नाहीत.

नवा_वेंगुर्ल्याचा:
सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूला 9 मिलिमीटरचा मुतखडा आहे, बाकी काही दिसलं नाही. जीव भांड्यात पडला. खड्यामुळेच लाल झाली असणार ना? डॉक्टर म्हणाले पाणी प्या, औषध दिलंय, परत या.

लोटे_लॅब:
अभिनंदन म्हणू का? खडा पडला तर फेकू नका बरं. गाळणीतून लघवी करायची, खडा मिळाला की धुऊन, सुकवून डबीत ठेवायचा आणि लॅबला द्यायचा. कॅल्शियम ऑक्झलेट आहे, युरिक ॲसिड आहे की आणखी काही, हे इन्फ्रारेडवरच बघतात. हे संशोधन नाही, रोजचं आहे, मोठ्या लॅबकडे पाठवलं की रिपोर्ट येतो. खडा सुका, घट्ट, पाणी नाही, युरियाचा गोंधळ नाही. आमच्या मशीनला असाच नमुना आवडतो.

डॉ_मुचकुंदी:
@नवा_वेंगुर्ल्याचा, खडा सापडला हे बरं झालं, पण तेवढ्यावर थांबू नका. लहान, चपटी गाठ सोनोग्राफीत दिसत नाही, आणि खडा असलेल्या माणसाला गाठ असू शकत नाही असा काही नियम नाही. तुमचं वय आणि विडी बघता युरॉलॉजिस्ट एकदा आतून बघायला सांगतील. सांगितलं तर नाही म्हणू नका. लवचीक आहे का तेवढं विचारा.